पाहणीआधी बुजवलेली खांड

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि काल तुमच्या नावाचा सरकारी कागद आला! मी खळ्यावर आपलंच भात झोडत होते. पट्टेवाला म्हणतो, "म्हाताऱ्याची सही लागेल." कुठून आणू तुमची सही? त्या रागातच लिहायला बसले आहे.

बांधदुरुस्तीचं अनुदान नामंजूर. कारण काय, तर 'पाहणीच्या वेळी बांधाला खांड आढळली नाही.' अहो, आढळेल कशी? तुम्ही ती बुजवली होती!

आषाढातल्या अमावास्येचं उधाण. लावणी नुकतीच आटोपलेली, आणि भर दुपारी खाडीचा बांध फुटला. हातभर खांड बघता बघता बैलगाडी जाईल एवढी झाली. खांड बुजेपर्यंत गावात चूल पेटवायची नाही, ही आपली रीत. आईने अर्धाकच्चा भात खाली उतरवला, चुलीत पाणी ओतलं आणि पाटी घेऊन धावली. तुम्ही छातीभर पाण्यात उभे, आम्ही वरून पेंढा नि चिखल देतोय.

आणि मी काय केलं? चार बुकं शिकलेली ना! बांधावरून ओरडले, "बाबा, थांबा! चावडीवरच्या सरकारी नोटिशीत लिहिलंय, बांध फुटला तर पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करायची न्हाय."

"बाय, पानी काय कागद वाचतं? पाटी दे इकडं!"

दिली, पण तोंड फुगवून. त्याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुली पेटल्या. तुम्हाला मात्र तापाने धरलं. आठ दिवसांनी साहेब आले, तेव्हा तशा तापात घोंगडी पांघरून तुम्ही बांधापर्यंत चालत गेलात. साहेब छत्रीखालून विचारतात, "खांड कुठे आहे?" तुम्ही ओल्या चिखलाकडे बोट दाखवलंत. "मग नुकसान कुठे झालं? अनुदान फुटलेल्या बांधाला मिळतं!"

हे शहाणपण यांना शिकवतं तरी कोण? पलीकडच्या गावाने साहेबांसाठी खांड उघडी ठेवली. त्यांना अनुदान मिळालं, आणि शेतं मिठाने पांढरी पडली. त्या दिवशी तुम्ही घोंगडी सावरत माघारी वळलात. मीही! ती नोटीस वाचता येणारी आपल्यातली मी एकटीच होते, मी तरी भांडायला हवं होतं.

तो ताप उतरलाच नाही. भादव्यात तुम्ही गेलात.

आता कागद म्हणतो, हरकत असल्यास अर्जदाराने पुराव्यासह अलिबागच्या कचेरीत समक्ष हजर राहावं. समक्ष!

काल संध्याकाळी देवळात बैठक झाली. खांडीत तुमच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले केशवकाका म्हणाले, "यमे, पुढच्या बारीला खांड तशीच ठेवायची. साहेब बघंल, मंगच चिखल." एकानेही नाही म्हटलं नाही. साहेबाचा राग होताच, पण बाबा, हे ऐकून मला भीती वाटली. आपल्या माणसांना यांनी थांबायला शिकवलं!

सोमवारी मी अलिबागला जाते आहे. या वर्षीचं भात पदरात बांधून नेईन आणि साहेबाच्या टेबलावर ओतीन. खांड उघडी राहिली असती तर यातला एक दाणा पिकला नसता, हाच पुरावा. मग अनुदान देवोत नाहीतर न देवोत.

आणि पुढच्या उधाणाला बांध फुटलाच, तर गाव थांबो की न थांबो, पहिली चूल आपली विझेल. या वेळी पाटी मागावी लागणार नाही, बाबा.

तुमची,
यमू