फाईल कपाटात आहे

७ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझा रक्ताचा रिपोर्ट म्हणे चार दिवस सापडत नव्हता. शेवटी सापडला तो दुकानात, मागच्या बाजूला कुणाच्या तरी ब्लाउजचं माप लिहिलेलं. तुझी बायको सांगताना रडत होती की हसत होती, कळलं नाही. शिंपी आहेस म्हणून स्वतःच्या साखरेलाही बाह्या लावायच्या का? उद्या डॉक्टरांनी साखर विचारली तर ती बिचारी सांगेल, छत्तीस, कमरेत सैल.

माझी फाईल आठव. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत उगाच नाही काढली. आजारागणिक वेगळा रंग, तारखा ओळीने, अक्षर टपोरं. कुणी विस्कटू नये म्हणून कपाटात, कुलूप लावून. एकटी राहते, पण कुणावाचून अडत नाही माझं.

आशीर्वाद आहेतच, अक्कल तुझी तू मिळव.
तुझी ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काल घरी पोचलो. तुझ्या डोक्याला टाके होते तोवर तोंड आवरलं. आता निघालेत, म्हणून लिहितो.

तू जिन्यावरून पडलीस, शेजारच्या मावशींनी इस्पितळात नेलं, एवढंच तुला माहीत. मी पोचलो तेव्हा तू बेशुद्ध होतीस आणि रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मी छाती फुगवून म्हणालो, आमच्या ताईची फाईल आहे! मावशी धावत घरी गेल्या. कपाटाला कुलूप, आणि किल्लीची जागा फक्त तुला ठाऊक. कुलूपवाला बोलवावा लागला.

फाईल आली. काय फाईल, ताई! लहानपणीच्या गोवरासकट. नर्सनेसुद्धा वाखाणली. फक्त डिसेंबरात सुरू झालेल्या, रक्त पातळ करायच्या गोळीचा त्यात पत्ता नाही. ती चिठ्ठी म्हणे पक्क्या अक्षरात उतरवायची राहिली होती!

शेवटी मावशींनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला गाठलं. तो म्हणाला, पाकीट चुरगळलंय म्हणून गोळ्या परत करणाऱ्या बाई ना? गोळीचं नाव तोंडपाठ होतं त्याला. मग डॉक्टरांनी उतारा दिला आणि रक्त थांबलं. तोवर तासभर मी ती फाईल पोटाशी धरून बाकावर बसलो होतो. दुसरं काही करता येत नव्हतं.

लोभ असू दे, राग आला तरी.
तुझा बारक्या

११ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत. बाकी खरं आहे.

कपाटाचं कुलूप काढून टाकलं. चालू गोळ्या, रक्तगट, कोणतं औषध सोसत नाही, डॉक्टरांचा नंबर, सगळं एका पुठ्ठ्यावर लिहून फ्रिजला लावलंय. एक नक्कल पर्समध्ये, एक मावशींकडे. परवा एक गोळी बदलली, ती तिथल्या तिथे खोडून लिहिली. बघवत नाही, पण ठेवली तशीच.

तुझंही असंच कार्ड आठ दिवसांत हवं. ब्लाउजच्या मापाविना.

सांभाळून राहा, हे सांगायचा हक्क आता निम्माच उरलाय.
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

सोबत नक्कल. एक खिशात, एक दुकानात शिलाई मशीनच्या वर. ‘तातडीने कोणाला कळवायचं’ या रकान्यात बायकोचं नाव आहे. खाली जागा उरली, तिथे तुझा नंबर घालून लिहिलंय : मोठी बहीण. आधी रागावेल. रागावू द्या, तोवर ती चपला घालत असेल.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा बारक्या