म्हणजे रविवारीच ना?

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईने बाल्कनीतल्या कुंड्यांच्या जागा या महिन्यात तिसऱ्यांदा बदलल्या, बाबा दर वेळी कुरकुरत तिला मदत करतात. तुझं त्या बावीस मजली इमारतीतल्या लिफ्टचं काम संपत आलंय, हे मला वहिनीकडून कळलं. हल्ली तुझं सगळं वहिनीकडूनच कळतं. घरच्या ग्रुपवर तू दोन वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

माझं काम तुला ठाऊक आहे. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये काय कुठे दिसावं ते ठरवायचं. तू मला बटणं लावणारी बाई म्हणायचास. यंदा आमच्याकडे एक नवी सोय करायला आली. दहा माणसांनी मिळून काही ठरवायचं म्हटलं की ग्रुपवर नुसता कालवा होतो. एक जण तारीख विचारतो, दुसरा हसरा चेहरा टाकतो, तिसऱ्याला भलतंच काही आठवतं आणि नक्की काय ठरलं ते शेवटी कोणालाच सापडत नाही. म्हणून गप्पांच्या वर एक पाटी ठेवायची: दिवस, वेळ, जागा, कोण कोण येणार. खाली गप्पा कितीही वाहू देत, पाटी जागची हलणार नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण चार महिने आम्ही त्यावर डोकं फोडलं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावं लाल रंगात दाखवावीत, असा आमच्या साहेबांचा आग्रह होता. लाजेने तरी बोलतील म्हणे. मी मान डोलावली. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच होतास.

चाचणीसाठी एखादं खरंखुरं संभाषण हवं होतं. मी आपल्याच ग्रुपवरचं काढलं, दोन वर्षांपूर्वीच्या बाबांच्या सत्तरीच्या जेवणाचं. एकशे त्रेसष्ट मेसेज. नावं खोडून छापले आणि मीटिंगच्या खोलीत भिंतीवर ओळीने चिकटवले. माझ्या शेजारी बसणारी प्रोग्रॅमर मोजकं बोलते. ती पेन्सिल घेऊन एका टोकापासून सावकाश वाचत गेली. अर्ध्या तासाने तिने मला बोलावलं, एका कागदावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "या माणसाला शेवटी कोणी सांगितलंच नाही का?"

तो माणूस तू होतास. जेवण आधी रविवारी ठरलं होतं. बुधवारी दुपारी ताईची ड्यूटी बदलली म्हणून मी ते शनिवारवर आणलं, आणि तेही सगळ्यांना नीट न सांगता, ताईला उत्तर देता देता. तू तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, फोन लॉकरमध्ये. संध्याकाळी वर आलास तोवर नव्वद मेसेज साचले होते, त्यातले निम्मे केक कसला आणायचा यावरून. चाळताना तुला काहीतरी खटकलं असणार, कारण सात वाजून दहा मिनिटांनी तू विचारलंस, "म्हणजे रविवारीच ना?" त्याच्या जेमतेम मिनिटभर आधी आत्याने लिहिलं होतं की खुर्च्या ती आणते. मी आत्याला अंगठा पाठवला, तो पडला बरोबर तुझ्या प्रश्नाखाली. तुला वाटलं, बारकीने हो म्हटलं.

शनिवारी तू आला नाहीस, तर कामात अडकला असशील असं धरून आम्ही कोणी फोनही केला नाही. रविवारी तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. पोरांचे भांग पाडलेले, वहिनीच्या हातात खोकं. बाबांनी जुन्या बनियनवरच दार उघडलं. आत आदल्या दिवशीची भांडी तशीच पडली होती. मेसेज वाचायला काय होतं याला, असं सगळेच बोलले, पण सगळ्यात मोठा आवाज माझा होता. बापाच्या सत्तरीलाही याला वेळ नाही, असंही मी म्हटलं. तू "चुकलं माझं" म्हणालास, खोकं टेबलावर ठेवलंस आणि दहा मिनिटांत निघालास. घरी जाऊन तू तो अंगठा पुन्हा पाहिला असशील, असं आता वाटतं. पाहिला असशील आणि गप्प बसला असशील.

भिंतीवरचा तो कागद वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं, तो माणूस माझाच भाऊ आहे हेही. लाल नावं काढून टाकली. दिवस बदलला की सगळ्यांचं आधीचं "येतो" पुसलं जातं आणि प्रत्येकाला नव्याने विचारलं जातं, असं केलं. लोक वैतागतील, असं साहेब म्हणाले. वैतागू देत, मी म्हटलं. त्यांनी भिंतीवरचा तो कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले, "ठेवा."

पण ते झालं ऑफिसात. परवा मी घरी आई, बाबा, ताई, आत्या अशा सगळ्यांना समोर बसवून ते कागद वाचून दाखवले. तुला सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून शब्दही सगळ्यांदेखतच मागे घेतले. बाबांनी तो कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तो बरोबर दिवशी आला होता." आणि लगेच तुला फोन करायला उठले. मीच थांबवलं. म्हटलं, आधी मला त्याची माफी मागू द्या. ती मागायलाच हे पत्र. चूक माझी होती, दादा. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. बाबांनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. त्या संध्याकाळी तुझं काम सुटल्यावर ते फोन करतील. सुरुवातीला भलतंच काहीतरी बोलत राहतील, माफी मागणं त्यांना जमत नाही. तेवढं ऐकून घे, फोन ठेवू नकोस.

तुझीच,
बारकी