रेतीतली घोडी, घाटातली गाडी

आप्पा, गाडी घेतली. निळी. जुनीच आहे, पण चालते अशी की तू असतास तर धोतराचा सोगा खोचून पुढच्या सीटवर चढून बसला असतास आणि मायला मागे ढकललं असतंस. शाळेत गुरुजींनी वडलांना पत्रात 'तुम्ही' लिहायला शिकवलं होतं, पण तुला जन्मात तुम्ही म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुला वाटेल तलाठ्याचं पत्र चुकून आपल्याकडे आलं. तू गेलास त्याला तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुला काही कळवलं नाही. तुझा जावई गेला तेव्हाही नाही. तो तिकडेच आला, त्यानं सांगितलंच असेल, आणि माझ्या तक्रारीही केल्या असतील. पण गाडीचं मात्र मीच सांगणार, कारण ती तुझ्या पद्धतीनं घेतली. आणि तुझी पद्धत म्हटली की ती घोडी निघणारच. तोंड फिरवू नको.

तू बैलाचा पारखी. आजूबाजूच्या गावची माणसं बैल घ्यायला जाताना आधी आपल्या ओट्यावर चहाला यायची आणि तुला घेऊन जायची. मालक दात दाखवायला बैलाचं तोंड उघडायचा तेव्हा तू खुरं पाहायचास. तो खांदा दाखवायला लागला की तू शेपटीकडे जायचास. मला म्हणायचास, "तो जे दखाडी ऱ्हायना ते सोड, दुसरं दख," जशी काही मीच उद्या जोडी घेऊन पेरणीला लागणार होते. मग हातावर टॉवेल टाकून त्याच्याखाली बोटं धरून भाव व्हायचा. बाहेरच्याला दोघांची तोंडं तेवढी दिसायची. मला त्यातच मजा वाटायची, दोन मोठी माणसं टॉवेलखाली हात घालून भांडतात आणि वरून तोंडं अशी, जशी देवळात बसलीत.

त्या वर्षी आपल्या जोडीतला एक बैल मेला होता. त्याला जोड आणायला तू जत्रेला निघालास आणि मी दहा वर्षांची, रडून रडून बरोबर आले. बैलांच्या बाजाराला घोड्यांमधून जावं लागायचं, तिथंच घोटाळा झाला. तापीच्या रेतीत ती उभी होती. तांबडी, कपाळावर पांढरा टिक्का. तू थांबलास. मग बैलांकडे गेलास, परत आलास. पुन्हा गेलास, पुन्हा आलास. दात पाहिले, खुरं पाहिली, रेतीतून चालवून पाहिली, पळवून पाहिली, आणि हसलास. तुला तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. घरी माय दारात हळदकुंकवाचं ताट आणि बैलाच्या पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं घोडीकडे पाहिलं, मग घोडीच्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बैल मांगे ऱ्हाई गया का?"

आठ दिवस घोडी चालली. नवव्या दिवशी पुढचा उजवा पाय उचलून उभी राहिली ती राहिलीच. पुढे चार वर्षं तिनं अंगणात उभं राहून कडबा खाल्ला आणि तू शेजाऱ्याच्या बैलाशी आपला बैल जुंपून दिवस काढलेस. मायनं तुझं नाव टाकलं 'नवरदेव'. नवरदेव, जेवाले या. नवरदेव, पानी तपी गयं. पण मायच्या बोलण्याचं तुला काही नव्हतं, तू हसून घ्यायचास. लागलं ते दुसरंच. लोक बोलवायला आले की तू म्हणायला लागलास, मन्ही नजर गई आते, दुसरा कोनले ली जा. शेवटी आपला बैलसुद्धा काकानं निवडला आणि तू बाजूला हाताची घडी घालून उभा होतास. तुझी नजर गेली नव्हती, आप्पा. त्याचं पुढे सांगते, आधी गाडी.

मी अजून लोणखेड्यालाच आहे. तुझा नातू पुरुषोत्तमनगरला कारखान्यात जातो, त्याला मोटरसायकल पुरते. सून नर्स आहे, धडगावच्या रस्त्याला वर घाटातल्या दवाखान्यात. रोज स्कूटीनं जायची. मागच्या पावसाळ्यात वळणावर घसरली, मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. तिचे वडील आले आणि माझ्या हातचा चहा पिऊन मलाच सांगून गेले की नोकरी सोडवा. मग एक दिवस भेंडी चिरता चिरता ती म्हणाली, "आई, पावसाळ्याच्या आधी गाडी नाही झाली तर मी राजीनामा देते." आवाज चढवला नाही, विळीवरचा हातही थांबला नाही. म्हणून मला जास्त भीती वाटली. वरच्या पाड्यांतल्या बाया बाजाराला खाली आल्या की आमचं घर शोधत येतात, माझ्या हाताची भाकर खातात आणि मला सांगतात की तुझी सून होती म्हणून माझं पोर जगलं. तिनं घरी बसून भेंड्या चिरायच्या? माझ्यासारखी एक घरात पुरे आहे.

गाडी पाहिजेच होती, पैसे मात्र ठरलेले. माझ्या कापसाचे आणि पोराच्या पगारातले मिळून जेवढे जमले तेवढेच, नवीनचं नाव काढायची सोय नव्हती. तेवढ्यात पाच माणसं बसली पाहिजेत, मागे पोतं मावलं पाहिजे, घाट चढला पाहिजे. ही झाली सुनेची यादी. पोराच्या यादीत एकच गोष्ट, गाडी पळाली पाहिजे. फोनवर रात्रंदिवस गाड्याच पाहायचा, असा हरखून की मी एकदा त्याला नवरदेव म्हटलं. त्याला काय कळणार? सुनेला एक पांढरी उंच गाडी पसंत होती. तो म्हणाला, ती गाडी नाही, ॲम्ब्युलन्स आहे. ती म्हणाली, मला सवय आहे. असे दोन महिने चालले आणि मी मधे बसून दोघांच्या ताटात वाढायचे.

मग शहाद्याला रोडवर जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे ती लाल गाडी आली. गुजरात पासिंग, मागे पंखासारखी पट्टी, चाकं चकचकीत, आणि भाव आमच्या पैशात बसणारा. पोरानं एक चक्कर मारली आणि परत आला तो तुझंच तोंड घेऊन. तेच हसू, आप्पा. तुझं हसू माझ्या पोराच्या तोंडावर चाळीस-पन्नास वर्षांनी पाहिलं. सूनसुद्धा म्हणाली, बरी आहे हो, मागे जागाही आहे. खिशात बयाना होता. विकणारा मला म्हणाला, "मावशी, बठा ना, एसी लाई देस." म्हणून मी तीन वर्षांच्या नातीला घेऊन मागे बसले. आत अत्तराचा वास इतका की जसं लग्नघर. पट्टा लावायला घेतला. मी जरा भरलेली, हे तुला माहीत नाही, तुझ्या वेळी काडी होते. पट्टा पुरेना, ओढत गेले, ओढत गेले, आणि पार शेवटाला, जिथवर कोणी ओढत नाही, तिथं पिवळट गाळाची रेघ. वाळलेली, बोटाला मऊ. तो गाळ मी ओळखणार नाही तर कोण? गाडी तिकडे खाली गुजरातेत कुठेतरी पुरात उभी होती. आपलीच तापी, घोडी जिच्या रेतीत उभी होती तीच.

आता ऐक. त्या दिवशी जत्रेत तू चहा प्यायला गेलास ना, तेव्हा मी घोडीपाशीच थांबले होते. मालकाचा माणूस तिला पाणी पाजायला घेऊन गेला, दगडी पायरीवरून. रेती संपली आणि दगड लागला तशी ती पुढच्या उजव्या पायानं लंगडली. दोन पावलं, चार पावलं. मग तो तिला पटकन परत रेतीत घेऊन आला. त्यानं तिला दिवसभर मऊ रेतीतच का चालवलं ते मला दहा वर्षांच्या पोरीला कळलं, आणि तू आलास तेव्हा मी गप्प राहिले. घोडी पाहिजे होती मला. तू एकदाच चुकलास, ते मी बोलले नाही म्हणून, आणि तू म्हणालास नजर गेली.

लाल गाडीत पट्टा हातात धरून मी तशीच बसले होते. बाहेर पोरगा विकणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. पट्टा सोडला असता तर सुर्रकन आत गेला असता आणि गाळही त्याच्याबरोबर. सगळ्यांचा दिवस चांगला गेला असता. मग ती गाडी एखाद्या पावसात घाटात बंद पडली असती, आत सून. मी काच खाली केली.

"पोऱ्या, हाई गाडी पानीमा बुडेल शे."

विकणारा हसला, म्हणाला, मावशी, सकायमा धोई, तेनं पानी व्हई. मी म्हटलं, धोवाना पानीमा तापीना गाळ येस का रे दादा? पोराचं तोंड पडलं. "माय, तुले काय समजस गाडीमधलं?" मी म्हटलं, गाडीमधलं काहीच नही, गाळमधलं समजस. तो काही बोलणार होता, पण सून तोवर पुढच्या दारातून वाकून सीटखाली हात घालून आली होती. अंगठा दाखवला नुसता, गंजानं तांबडा झालेला. पोरगा गाडीपासून लांब जाऊन उभा राहिला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मी वाढलेलं जेवायचा मात्र सगळं.

निळी गाडी पुरुषोत्तमनगरलाच निघाली, कारखान्यातून रिटायर झालेल्या एका काकांची. त्यांच्या मुलानं हौसेनं घेतली, पळणारी, जोराच्या इंजिनाची, आणि पुण्याला गेला. मग आईबापांनी ती देवळात जायला वापरली. आता काकांचे गुडघे गेले, क्लच दाबवत नाही. म्हणजे आप्पा, घोडी तरण्यानं घेतली आणि म्हाताऱ्यांनी सांभाळली, यापेक्षा चांगली मिळते का? तरी मी सोडलं नाही. त्यांनी दहाला बोलावलं होतं, मी सगळ्यांना सातला नेऊन उभं केलं. काका बनियनवर होते. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, गार. गार असतानाच चालू करायला लावली, पहिल्या फटक्यात झाली. पट्टे सगळे शेवटापर्यंत ओढले, पुढचे, मागचे. मग रिक्षातून आणलेलं ज्वारीचं पोतं मागे टाकलं. काकू दारातून विचारत होत्या की ह्या बाई गाडी घेताहेत का ज्वारी विकताहेत. पोत्यासकट मागचं दार लागलं.

काकांना धरून पाच जणं आणि पोतं, थेट घाटात. गाडी सुनेच्या हातात दिली. ती पडली होती ते वळण आलं तेव्हा मी मागून तिच्या मनगटाकडे पाहत होते. ब्रेक नाही मारला. दुसऱ्या गिअरवर गाडी अशी चढली की पोतं कुरकुरलं, ती नाही. खाली सपाटीला आल्यावर पोराची पाळी. त्यात एक बटण आहे, ते दाबलं की गाडी पिसाळते. दाबलं. काकांनी दारावरची कडी धरली, नात खिदळली, माझा पदर मानेला लागला. मी म्हटलं, आखो एक डाव. पोरानं पुन्हा एकदा दाबलं आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा हसला.

भाव करायला काका पोराकडे वळले तर मी त्यांचा हात ओढून त्यावर टॉवेल टाकला. माणूस लाजला, आप्पा, कानापर्यंत लाल झाला, आणि बायको समोर उभी. पण शेतकऱ्याचंच पोर ते, बोटं विसरला नव्हता. त्यानं धरली, मी सोडवली, मी धरली, तो हं म्हणाला. काकूंनी चहाला साखर कमी टाकली त्या दिवशी, एवढं मात्र झालं.

आता पावसाळा लागून महिना झाला. सून सकाळी गाडीतून जाते, लसीची पेटी मागे, डबा पुढे. संध्याकाळी सहाला हॉर्न वाजतो. मागच्या वर्षी मी पाचपासूनच दारात उभी असायचे. आता बसून भाजी निवडते, रस्त्याकडे पाहतही नाही. राजीनाम्याचं कोणी बोलत नाही. रविवारी पोराला गाडी मिळते, तो धुतो, पुसतो, आणि मी नवरदेव म्हटलं की माझ्यावर पाणी उडवतो.

ही चिठ्ठी मी मागच्या स्टेपनीखाली ठेवणार आहे. गाडी कधी ना कधी विकली जाईल, आणि घेणारा तुझ्या वळणाचा असेल तर दाखवलेलं सोडून तिथं हात घालेल. त्याला कळेल गाडीत खोड नाही, खोड लिहिणारीत होती.

आणि अजून एक, आप्पा. त्या आठ दिवसांत तू मला रोज पुढ्यात बसवून पाटचारीपर्यंत नेऊन आणायचास. तिचा पाय दुखतो हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. तरी रोज घराशी आलो की मीच म्हणायचे, आखो एक डाव.