पंप कुणाच्या हातात

४ मार्च, मंगळवार
बाबांनी आजही पंप नाही दिला! दवाखान्यासमोरची काँक्रीटची लादी एका बाजूने खचलीय, पेशंट ठेचकाळतात, म्हणून ती उचलायचं काम आम्हाला मिळालं. भोकं मी पाडली, नळी मी जोडली आणि खाली फोम सोडायची वेळ आली की बाबांचं ठरलेलं — "सरक बाजूला." फोम फुगतो, लादी वर येते, बाबा ऐटीत उभे. मी झाडू मारते. चाळिशी आली माझी!

७ मार्च
बाबांचा गुडघा सुजला. आईने त्यांना कामावर जायला बंदी घातली. मनातल्या मनात गुडघ्याचे आभार मानले. वाईटच आहे मी.

८ मार्च
शिंप्याच्या दुकानापुढची लादी. पंप माझ्या हातात! पण आईचा डोळा चुकवून बाबा आलेच. रस्त्यापलीकडे खुर्ची टाकून बसले.

पंप बंद केल्यावरही फोम थोडा फुगत राहतो, म्हणून बोटभर आधीच थांबायचं — हे मला झोपेतही पाठ आहे. पण बाबा बघत होते ना! लादी अगदी सपाट होईपर्यंत मी फोम सोडत राहिले. लेव्हल ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. मान ताठ करून बाबांकडे बघितलं, तोवर लादी आणखी वर आली आणि दुकानाचं बाहेर उघडणारं दार घट्ट अडकलं. शिंपी आत.

"ताई, मी रोज जेवायला घरी जातो हो," तो काचेमागून म्हणाला. त्याला खिडकीतून बाहेर काढलं. मग सुताराला बोलावून दार खालून तासून घेतलं. बाबा लंगडत घरी निघून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता पंप विसरायचा.

९ मार्च
नवरा सकाळपासून विचारतोय, "आपलं दार उघडतंय ना?" अबोला धरलाय.

१२ मार्च
आईचा फोन. "उद्या पंप घेऊन ये, बाबांनी बोलावलंय." त्यांच्याच दारापुढची लादी खचलीय म्हणे. त्यांचंही दार बाहेरच उघडतं! बाबांना फोनवर बोलावलं, विचारलं, "तुम्ही करणार ना?"

"तूच कर. मी आत बसतो, दार लावून."

"आणि अडकलात तर?"

"त्या दिवशी तुझं लक्ष लादीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. म्हणून आत बसतो."

१३ मार्च
बोटभर आधी थांबले. उरलेलं बोटभर अंतर लादी आपसूक वर आली. दार ओढलं, सहज उघडलं.

आत बाबा खुर्चीत घोरत होते. काम चालू असताना त्यांचा डोळा लागलेला मी आज पहिल्यांदा पाहिला.