डाव्या नडगीची रेघ

४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तिसरा मजला, माझे गुडघे आणि मी, सगळं जागच्या जागी आहे. एक गंमत सांगते. दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या चालण्याची तपासणी चालू आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटरीला नि नडगीला वायरी चिकटवल्या आणि बुटात वेगवेगळे इनसोल घालून मला व्हरांडाभर चालवलं. कुठला स्नायू किती राबतो ते पडद्यावर रेघांत उमटतं. त्यांच्या पातळ, खरबरीत इनसोलवर दोन्ही पायांच्या रेघा नाचल्या. तुझा मऊ इनसोल घातला आणि डाव्या नडगीची रेघ चक्क झोपली! कारागीर कोण, असं बाईंनी विचारलं. मी ऐटीत म्हटलं, माझा भाऊ.

दर वर्षी नवा जोड करताना माझे जुने बूट तू ठेवून घेतोस, ते त्यांना बघायचे आहेत. तू चिक्कू, टाकले नसशीलच. सतरा तारखेला मला पुन्हा बोलावलंय, त्याच्या आत पाठव.

जेवणखाण वेळेवर कर आणि थोरलीवर माया असू दे.

तुझी अक्का

८ नोव्हेंबर

ति. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जुने बूट टाकून दिले. यंत्रांचं मनावर घेऊ नकोस. सोबत नवे इनसोल पाठवतो आहे, आणखी मऊ केलेत. डाव्याच्या टोकाशी भर जरा जास्त आहे. दुकानात काम फार आहे.

धाकटा

१४ नोव्हेंबर

अक्का,

मायना लिहायचा धीर होत नाही. मी खोटं लिहिलं. गेल्या तीन वर्षांचे तुझे तिन्ही जुने जोड माझ्या फळीवर आहेत. तिन्हींत डाव्या बुटाचं टोक झिजलंय, दर वर्षी जास्तच. तुझा पाय उचलला जात नाही, घासतो. बाबांच्या बुटाचं टोक असंच झिजलं होतं आणि वर्षाच्या आत ते अंथरुणाला खिळले, हे तुला सांगायला नको.

पहिल्याच वर्षी बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही. तुला ठेच लागू नये, नि काही कळूही नये, म्हणून भर घालत गेलो. आता त्या मऊपणात तुझ्या पायाला जमीनच लागत नसेल, म्हणून तर पाय उचलणारी ती नडगीची रेघ झोपली. नवे इनसोल काढून ठेव. जिना एकटीने उतरू नकोस. मी बूट घेऊन वीस तारखेला येतो. हवं तेवढं रागाव, पण घरात बसून रागाव.

तुझा अपराधी,
धाकटा

१७ नोव्हेंबर, सकाळ

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इनसोल मिळाले. गादीवरून चालल्यासारखं वाटतं. पण आयुष्यात कधी खिळा टाकला नाहीस, आणि बूट टाकलेस? पत्रात एक टोमणा नाही! काय लपवतोयस? मला भीती वाटायला लागली आहे. काल दोनदा पायरीला बुटाचं टोक अडलं, कठडा होता म्हणून निभावलं.

आज बाईंनाच स्पष्ट विचारते. तुझे नवे इनसोल घालूनच निघाले आहे, बघू देत त्यांना माझ्या भावाचा हात. हे पत्र खाली उतरल्यावर पेटीत टाकते.

काहीही लपवलं असलंस तरी माझी माया आटायची नाही.

अक्का

(त्याच कागदावर, खाली, वेगळ्या अक्षरात)

मी पहिल्या मजल्यावरचा शेजारी. हे पत्र जिन्यात सापडलं. ताईंना दवाखान्यात हलवलं आहे, अजून शुद्धीवर नाहीत. चौदा तारखेचा शिक्का असलेलं तुमचं पत्र आज दुपारी आलं. पाकीट फोडलेलं नाही. त्यांनी डोळे उघडले की मीच वाचून दाखवीन.