वहिनीला दिसलीस, मला न्हाई

माय, सगळ्यात आधी गिरणीवाली आली, पिठाचे हात तसेच घेऊन. मग शेजारच्या दोघी. लातूरची चौघं गाडीतून उतरली तवा ओट्यावर टेकायला जागा न्हाई. मी उमरीहून आदल्या दिवशीच माहेरी आले होते, कारण भावानं फोनवर सांगितलं की तू वहिनीला दिसलीस. भर दुपारी, हौदापाशी, सुपात ज्वारी पाखडताना. तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि दिसलीस कुणाला तर सुनेला, जिच्या पिठल्याला तू जन्मभर नावं ठेवलीस.

ही चौघं मांत्रिक न्हाईत बरं का. एक बँकेतला, एक कॉलेजातला मास्तर, एक त्याचा दोस्त आणि एक पोरगी. कुठं कुणाला काही दिसलं की सुट्टीच्या दिवशी जाऊन तपासतात. लिंबू न्हाई, नारळ न्हाई. गारवा मोजायचं यंत्र, क्यामेरा आणि वही. मला लई आवडली. पोरगी पाया पडली, दोन कप चहा प्याली. त्यांची रीत अशी की बघणाऱ्याला एकटं बसवून विचारायचं, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा सांगत न्हाई. वहिनी आत गेली ती अर्ध्या तासानं नव्या नवरीवाणी पदर सावरत बाहेर आली.

"अक्का, लुगडं कोणतं, तोंड कुणीकडं, सगळं लिहून घेतलं बघा."

"बोलली का काही?"

"न्हाई. पण बघितलं माझ्याकडं. मायेनं."

मायेनं म्हणे. गिरणीवाली म्हणाली, "लेक सोडून सुनेला दिसली, आता काय म्हणावं?" सगळ्या हसल्या. मी पण हसले, सगळ्यात मोठ्यानं. तेवढ्यात पोरीनं सहज विचारलं, "आजी, तुम्हाला कधी दिसल्या का?" न्हाई म्हणायला तोंड उघडलं आणि हाव म्हणाले.

मग मलाही एकटीला बसवलं. कालच दिसली म्हणलं, चुलीपुढं. आणि बोलली. 'हातपाय धू, भाकर टाकते,' असं. हे सगळंच काही खोटं न्हाई. लगीन झाल्यावर पहिल्यांदा माहेरी आले तो दिवस आठवतो. मी दारात पिशवी घेऊन उभी हाय, तू मागं वळून बघत न्हाईस, पायांच्या आवाजावरून ओळखतेस आणि परातीत पीठ घेतेस. कधी आलीस, नवरा कसा हाय, ते सगळं मागून. पोरगी भराभर लिहीत होती. वहिनीपेक्षा माझं पान जास्त भरलं, ते मी बघून घेतलं.

मग ती म्हणाली, "आवाज कसा होता, आजी?"

तुझ्या मनगटावरचा चटका आठवला, राखेचा वास आठवला. आवाज आठवंना. वहिनीला विचारून यावं असं मनात आलं, माय. ती तुझ्यासंगं बारा वर्षं एका चुलीवर राहिली, मी नुसती सणावारी. तिला ठाऊक असणार.

हे नातीच्या जुन्या वहीत लिहून राहिले, वहिनीच्या हाती लागू देणार न्हाई. आवाज बारीक होता, असं सांगून दिलं मी. पोरीनं तेच लिहिलं. चुलीपुढं क्यामेरा लावायला रविवारी दुपारी परत येतो म्हणाले.