मधल्या भिंतीतले कपाट

मी, चन्नबसम्मा भ्रतार लिंगैक्य शिवरुद्र, वय सेहेचाळीस, धंदा किराणा दुकान, राहणार मौजे लिंबाळा, चुडावा स्टेशनाजवळ, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून लिहवून घेतलेले नाही, असे लिहायची रीत आहे आणि ते खरेही आहे. पण धाक नाही, असे मात्र मला लिहिता येत नाही. नदीपलीकडचे गाव जाळले आणि त्याचा धूर दिसला, तेव्हापासून आमच्या गल्लीतली कुत्री दिवसासुद्धा भुंकत नाहीत.

आज नागपंचमी. आज चिरायचे नाही, खणायचे नाही, म्हणून सटवाजी पाथरवट कामावर आलेला नाही. घरात छिन्नीचा आवाज नाही, तेवढ्यात लिहून घेते.

दुकानात आता मीठ, थोडी तूर आणि माझ्या यजमानांचा पितळी तराजू उरला आहे. मीठ गावाने वाटून घ्यावे. तराजू खरे तर जैतुनबी तांबोळणीला द्यायचा होता, कारण तिचा स्वतःचा नेहमी तिच्याच बाजूला झुकतो. पण ती या कागदाची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे दिनकरराव वकिलांनी पूर्वी सांगितले होते. तेव्हा तराजू माझी मुलगी महानंदा हिला.

घर आणि त्यातले सगळे महानंदाचे. ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. जावई संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे गेले, त्यांचे पत्र नाही. तिला इथून हलवावे असे मलाही वाटते. जैतुनबी पाने द्यायच्या निमित्ताने आली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "भाबी, बच्ची कू कईं तो बी भेज देव. मैं बोली करके किसी कू बोलना नक्को." कुठे पाठवू? स्टेशनावर माणसे उतरवून तपासतात. काळ्या चिखलातून बैलगाडीने न्यावे, तर तिला आठवा महिना आहे.

म्हणून कपाट.

मी स्वयंपाकघरात नवे कपाट करून घेत आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा दिवसांत कपाट करणाऱ्या बाईला लोक वेडी म्हणतात, त्यांना म्हणू द्यावे. शेजारच्या बाया येऊन सल्ला देतात. आंब्याचे लाकूड नको, भुंगा लागतो. ते मला सांगायला नको. माझ्या वाटणीला आलेल्या आंब्याच्या कपाटाचे भुंग्याने पीठ केले आहे. कडुनिंबाला कीड नाही, पण पावसाळ्यात तो फुगतो. रॉकेलच्या डब्यांचा पत्रा स्वस्त पडतो. पत्र्याचे काय होते ते मात्र मला कोणी सांगितले नाही. मीच एक तुकडा चुलीवर धरून पाहिला. हात लावताच बोट पोळले. त्या दिवशी मी शहाबादी फरशी ठरवली.

"दगडाच्या कपाटात पापड सादळतेत, आक्का," शेजारची धुरपदाबाई म्हणाली.

"सादळू दे. भाजून खाऊ," मी म्हटले, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर चुलीतली लाकडे मागे ओढली.

वरचे दोन खण बरण्यांचे आहेत. खालचा महानंदाचा.

सटवाजी आमच्या लोकांच्या समाधीचे दगड बसवतो. आम्ही पुरताना माणसाला आडवे निजवत नाही, बसवतो. त्याने मी दाखवलेली उंची पाहिली आणि म्हणाला, "आक्का, हे माप कपाटाचं न्हाई. बसल्या माणसाचं हाय. कोणाचं?"

मी महानंदाला हाक मारली. ती पाय दुमडून भिंतीला टेकून बसली. त्याने दोरी तिच्या डोक्यावरून खाली आणली, आणि पोटापाशी थांबला.

"मेलेल्याचं माप वाढत न्हाई," तो म्हणाला. "म्हणून आमाला सवय न्हाई." मग त्याने दोरी एक वीत पुढे सोडली.

हे कपाट ज्या भिंतीत आहे, तिची गोष्ट लिहिणे भाग आहे. वाटणीच्या वेळी दीर गुरुसिद्धप्पा यांनी स्वयंपाकघर मधोमध तोडले आणि पांढऱ्या मातीची भिंत घातली, ती मुद्दाम तीन हात रुंद. वहिनीचा खोकलासुद्धा ऐकू येऊ नये, असे ते चारचौघांत म्हणाले. भांडण सागवानी मांडणीवरून होते. सासूबाईंनी ती मला दिली होती, हे मी आजही मागे घेत नाही. मांडणी जाऊबाई शांतम्माच्या बाजूला गेली, आणि तेव्हापासून मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवला नव्हता. पण भांडण बारीक असते तर भिंतही बारीक झाली असती, आणि तिच्यात माझी मुलगी मावली नसती.

खालच्या खणाचा पुढचा दगड बसला की तो भिंतीसारखा दिसेल, पण आतून सरकणार नाही. "बाहेरून मी सरकवीन," असे मी सटवाजीला म्हटले.

"आन तुमी नसल्या तर?"

त्याचे खरे होते. आग आली तर लाकूड जळते आणि दगड उघडत नाही. मागची बाजू लाकडाची, आतून उघडणारी हवी होती, आणि मागे शांतम्माचे स्वयंपाकघर. मी गेले.

"कोण? आक्का? रस्ता चुकला जणू," ती चुलीपुढून न उठता म्हणाली.

"चुकला न्हाई. तुझ्या भितीला भोक पाडायचंय."

"पाडा की. तसा बी काय उपेग हाय तिचा? तुमचा खोकला रोज ऐकू येतोय. अडुळसा का घेत न्हाई?"

मग मी सगळे सांगितले. ती उठली आणि मांडणीवरची भांडी एकेक करून खाली उतरवू लागली.

"कडुनिंबाची फळी लावणार हाव," मी म्हटले.

"पावसात फुगंल. आत पोरगी आन दार अडकलेलं? सागवान फुगत न्हाई. ह्या फळ्या न्या."

"मांडणी मोडावी लागंल, शांते."

"मंग? तुमचीच म्हणत होत्या ना? घ्या, अर्धी तरी मिळाली."

त्या फळ्या आता भिंतीत आहेत. आतून कडी आहे, बाहेरून पातळ गिलावा देऊन सारवले आहे. फळ्या शांतम्माच्या आहेत, असे मी लिहून देते. काम सरल्यावर तिने त्या काढून घ्याव्यात. मांडणी मात्र माझी होती.

दीर मुलांना घेऊन सरहद्दीकडे गेले आहेत. शांतम्मा दुभत्या म्हशीसाठी मागे राहिली, असे ती सांगते. सराव म्हणून ती रोज सकाळी उलथण्याने फळीवर तीनदा ठोकते आणि महानंदा आतून तीनदा ठोकते. आज सकाळी आवाज आला. उद्याचे मला लिहिता येत नाही.

माझ्या गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी महानंदाच्या पोटी जे येईल त्याला, मुलगा असो वा मुलगी.

मला यजमानांच्या शेजारी बसवावे. सटवाजीने माझे माप घेऊ नये. त्या खणात श्वास किती पुरतो ते पाहायला, तोंडाशी फरशी उभी करवून, आधी मीच बसले होते. माप त्याला ठाऊक आहे.

हा कागद जैतुनबीच्या घरी, तिच्या कुराण ठेवायच्या लाकडी रेहलीखाली राहील. जागा तिनेच सुचवली. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तोंडी सांगितले तेच इथे लिहिते. माझे बरेवाईट झाल्याचे कळले, तर कागद वकिलांकडे नेण्याआधी तिने शांतम्माच्या स्वयंपाकघरात जावे. सारवलेल्या भिंतीवर तीनदा ठोकावे. उत्तर आले तर महानंदा कडी काढील. उत्तर आले नाही, तर सटवाजीला बोलावून फळी फोडावी. थांबू नये. आत दोघे आहेत, आणि त्यांतल्या एकाला अजून ठोकता येत नाही.

सही: चन्नबसम्मा

साक्षीदार:
सटवाजी पाथरवट, डाव्या हाताचा अंगठा
जैतुनबी तांबोळीण, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम लिंबाळा, श्रावण शुद्ध पंचमी, शके १८७०, सन १३५७ फसली. पुढचा दगड उद्या बसेल.